खिडकी सहा फुटी, पन्ना ४८ इंची

घर सजवताना कापडाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. फरशी, प्लंबिंग, फर्निचर, रंग यांत पैसे संपतात, कंत्राटदाराशी दोन-तीन भांडणं होऊन जातात, आणि मग एखाद्या रविवारी घरातली मंडळी पडद्यांच्या दुकानात बसून नमुन्यांचे जाडजूड अल्बम उलटायला लागतात. हातमागाचं कापड घरात आणायची गोष्टही बहुतेक वेळा याच टप्प्यावर निघते. म्हणजे खिडक्या ठरलेल्या, सोफा बनून आलेला, पैसे संपलेले आणि वास्तुशांतीची तारीख तोंडावर. अशा वेळी निघालेली गोष्ट टिकत नाही. मग ‘हातमाग परवडत नाही’ असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात.

या निकालावर पुढे दोन माणसं भांडणार आहेत. दोन्ही पात्रं मी रचलेली आहेत, पण त्यांचे मुद्दे हवेतले नाहीत. काका इचलकरंजीचे. वडिलांच्या वेळचे यंत्रमाग त्यांनी पस्तीसेक वर्षं चालवले, आता कारखाना विकून पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला येतायत. पुतणी इंटिरिअर डिझायनर. काकांचं घर तिच्याकडे सोपवलेलं आहे, आणि तिने पहिल्याच कागदावर लिहून टाकलंय: सगळं कापड हातमागाचं, सगळा धागा नैसर्गिक.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. तेव्हापासून त्या गावाला हातमागाविषयी काय वाटतं, हे काकांच्या पहिल्या वाक्यातच कळतं.

काका: हे बघ, हातमागाबद्दल मला आदर आहे. माझे आजोबा हातमागावरच बसायचे. पण आदर वेगळा आणि पडदे वेगळे. मला सांग, या कापडाने पर्यावरणाचं नेमकं काय भलं होतं?

पुतणी: वीज लागत नाही, काका. धूर नाही, मोटर नाही. माणसाच्या हातापायांवर कापड तयार होतं.

काका: आता हिशोब ऐक. साध्या यंत्रमागाला एक हॉर्सपॉवरची मोटर. बारा तासांची पाळी धरली तर साधारण नऊ युनिट वीज. तेवढ्यात माझा माग तीस-चाळीस मीटर साधं कापड काढायचा. म्हणजे मीटरमागे पडलं पाव युनिट. तुझ्या या घराला चार खिडक्या, चुण्या घालून चाळीसेक मीटर कापड लागेल. दहा युनिट झाले. तू बेडरूममध्ये दीड टनाचा एसी दाखवलायस ना नकाशात? तो एका रात्रीत एवढी वीज खातो. म्हणजे सगळे पडदे हातमागाचे घेऊन तू माझी एक रात्र वाचवलीस.

पुतणी: (थोडं थांबून) बरं, विजेचा मुद्दा सोडून दिला.

काका: इतक्या लवकर?

पुतणी: हिशोब बरोबर आहे, मग ताणून काय करू? पण तुम्ही फक्त विणाईचा मांडलात. कापडाचा खरा त्रास विणाईत नाहीच, तो मागच्या आणि पुढच्या टप्प्यात आहे. मागे शेत आणि सूत, पुढे रंगाई आणि धुलाई. पंचगंगेचं पाणी कशाने काळं झालं? तुमच्या गावातल्या काळ्या ओढ्याला ते नाव उगीच पडलं का?

काका: ते पाणी एकट्या प्रोसेसवाल्यांचं नाही, गावाचं सांडपाणीही त्यात आहे. पण आमचा वाटा आहे, नाही कशाला म्हणू? मात्र तुझ्या हातमागाचं सूत कुठून येतं? गिरणीतूनच. गिरणीचा कोन विकत घ्यायचा, कांड्या भरायच्या आणि विणायचं. आणि रंगाई? हातमागाचं सूतही त्याच रासायनिक रंगात बुडतं. विणाई हाताची असली म्हणून ओढा त्याला सोडतो का?

पुतणी: म्हणून खादी. सूतही हाताचं, विणाईही हाताची. वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगातली खादी मिळते. १९३८ सालापासून आहे ती संस्था.

काका: आणि कापूस? एक किलो कापसामागे जगाची सरासरी दहा हजार लिटर पाण्याची धरतात. पाण्याचं सोड, आपला विदर्भ बराचसा पावसावरच पिकतो. पण फवारणीचं काय? २०१७ साली यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. नैसर्गिक धागा, नैसर्गिक धागा म्हणून तू जो मिरवतेस, तो असा येतो. तुझा पडदा त्याचा हिशोब दाखवतो का?

इथे मला काकांची बाजू घ्यावीशी वाटते. ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या मागे शेतापासूनचं बरंच काही झाकलं जातं, आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत हा शब्द ज्या सहजतेने फलकावर लागतो ती पाहिली की संशय येतोच. पण काकांच्या म्हणण्यातून पॉलिएस्टर निर्दोष ठरत नाही. ते खनिज तेलापासून बनतं, प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि ते कुजत नाही. पुतणीने हेच बोलून दाखवलं. ते काकांनाही ठाऊक होतं, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही.

पुतणी: मग असं करू या का? कापसावरचं ओझं कमी करायचं तर कापडच कमी वापरू. तुमच्या खिडक्या सहा फुटी आहेत, म्हणजे ७२ इंच. पडदेवाला काय सांगतो? चुण्या भरघोस पाहिजेत, अडीचपट कापड घ्या. १८० इंच झाले.

काका: बरोबर सांगतो तो. चुण्या नसल्या तर पडदा पोतेऱ्यासारखा दिसतो.

पुतणी: पॉलिएस्टरचा दिसतो. कारण त्या कापडाला स्वतःचं अंग नसतं, घडीतूनच भारदस्तपणा आणावा लागतो. जाड कोऱ्या सुताचं हातमागाचं कापड सपाट टांगलं तरी शोभतं. उजेड मागून आला की त्यातली विणाई दिसते, धाग्याची जाड-बारीक दिसते. चुण्यांत ती झाकून जाते. हातमागाचा पन्ना ४८ इंच धरा. दोन पट्ट्या शेजारी शेजारी टांगल्या की ९६ इंच. ७२ इंची खिडकी झाकून वर थोडी ढील राहते. चुण्यांना चार पट्ट्या लागल्या असत्या.

काका: निम्म्यावर आलीस.

पुतणी: हो. एक पट्टी पावणेतीन मीटरची. चुण्यांचे पडदे केले तर चार खिडक्यांना ४४ मीटर, सपाट केले तर २२. तुम्ही म्हणाल दर तिप्पट. असू दे तिप्पट, कापड निम्मं झालं की एकूण खर्च दीडपट होतो. आणि शिंप्याचं काम जवळपास संपतं. बाजूंना काठ आहेतच, तिथे दुमडायला नको. वर नळी जाईल एवढी जागा आणि खाली एक मुडप.

काका: (कापडाचा नमुना बोटांत चोळत) हे धुतल्यावर आटेल. फुटाला अर्धा-पाऊण इंच तरी. आठ फुटी पडदा चार ते सहा इंच वर जाईल आणि खालून बाल्कनी दिसेल. तुमची डिझायनर मंडळी हे गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

पुतणी: आधी भिजवायचं, वाळवायचं, मग शिवायचं. आणि खालची मुडप सहा इंचांची ठेवायची, म्हणजे पुढे आटलं तर उसवून सोडता येतं. पोरीच्या परकराला आई ठेवायची तशी.

हा सपाट पडद्याचा मुद्दा वरवर साधा दिसतो, पण मला तो या सगळ्या वादाचा कणा वाटतो. आपल्याकडचं बरंचसं विणलेलं कापड शतकानुशतकं न कापता वापरलं गेलं. लुगडं, धोतर, उपरणं, पासोडी, घोंगडी, सतरंजी यांतलं काहीच शिंप्याकडे जात नव्हतं. मागावरून उतरलेला तुकडा हीच तयार वस्तू. विणकराच्या हाताचा आवाका, म्हणजे एका हाताने फेकलेला धोटा दुसऱ्या हाताने झेलता येईल एवढं अंतर, यावरून पन्ना ठरायचा आणि पन्न्यावरून वापर. पुढे दोरी ओढून धोटा पळवायची सोय आली आणि हातमागाचाही पन्ना वाढला, तरी सोफ्याच्या बाजारात चालणाऱ्या ५४ इंचांपर्यंत सगळे माग पोचत नाहीत. आजचा डिझायनर आधी खिडकी ठरवतो, आधी सोफा ठरवतो आणि मग तेवढ्या मापाचं कापड मागतो. हातमाग तिथे हरतो. पण उलट सुरुवात केली, पन्ना आधी विचारला, तर हरायचं कारण उरत नाही. न कापलेल्या पडद्याचा आणखी एक फायदा असा की तो दहा वर्षांनी पलंगपोस होऊ शकतो, पलंगपोस विरला की गोधडीचं अस्तर. चुण्यांसाठी कापून, आकडे ठोकून, कडक पट्टी शिवलेल्या पडद्याला हा पुनर्जन्म नाही.

काका मात्र पडद्यावरून सोफ्यावर आले.

काका: पडद्यांपुरतं मानलं. सोफ्याला हे कापड लावू नकोस. नातवंडं येतात, चढतात, उड्या मारतात. हातमागाची वीण मोकळी असते. बसून बसून शिवणीपाशी धागे सरकतात आणि फट पडते. दोन वर्षांत सोफा बदलायची वेळ आली तर कसला तुझा शाश्वतपणा?

पुतणी: सोफ्याला कापड ठोकायचंच नाही. लाकडी बैठक करू आणि त्यावर गाद्या. गादीला खोळ, उशीला अभ्रा. मळला की काढून धुवा, फाटला की तेवढाच बदला. फोम तेलाचाच असतो, त्यापेक्षा कापसाची गादी.

काका: गादी दबते.

पुतणी: दबली की पिंजारी पिंजून देतो.

काका: पुण्यात शोध आता पिंजारी!

हा टोमणा पुतणीला लागला असावा, कारण इथे ती काही बोलली नाही. पिंजारी तसे अजून मिळतात, पण सोसायटीचा वॉचमन त्यांना आत सोडेल की नाही हा वेगळा प्रश्न. दुरुस्त करता येणारी वस्तू घरात आणायची तर दुरुस्त करणाराही गावात टिकायला हवा, हे घर सजवण्याच्या पुस्तकांत नसतं. शेवटी सोफ्यावर तडजोड झाली. खोळीचं कापड यंत्रमागाचं जाड सुती कॅनव्हास, काकांच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाकडून. पुतणीने पहिल्या कागदावरचं ‘सगळं’ खोडलं. मला ते खोडणं योग्य वाटलं. जिथे घासणं, ओढणं, लोळणं आहे तिथे घट्ट विणीचं कापड जास्त टिकतं, आणि ते वरचेवर बदलावं लागलं नाही तर त्यासारखी दुसरी काटकसर नाही.

मग बाहेरच्या खोलीचा विषय निघाला. ती मोठी आहे, फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, छत सपाट. टीव्ही लावला की आवाज घुमतो. काकांना वयामुळे आधीच थोडं कमी ऐकू येतं.

पुतणी: या भिंतीवर मी घोंगडी टांगणार आहे.

काका: (हसून) माझ्या हॉलमध्ये घोंगडी? लोक म्हणतील, काकांनी कारखाना विकला आणि मेंढरं घेतली.

पुतणी: चंदीगडच्या उच्च न्यायालयात काय टांगलंय माहीत आहे? वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९५०च्या दशकात ती इमारत बांधली. नुसतं काँक्रीट, आवाज घुमणार हे उघड होतं. त्याने न्यायदालनांच्या भिंतींसाठी लोकरीच्या मोठमोठ्या भिंतपटांची रचना केली आणि ते काश्मीरच्या विणकरांनी हाताने विणले. एकूण नऊ. आठ प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनातला १४४ चौरस मीटरचा.

काका: न्यायाधीशांना आवडले?

पुतणी: काहींना अजिबात नाही.

काका: मग मी त्यांच्या बाजूने.

पुतणी: आवडायचा प्रश्न नंतर, आवाज कमी झाला की नाही ते बघा. जाड लोकर आवाज शोषते. शिवाय लोकर सहज पेट घेत नाही, आग काढली की बहुतेक वेळा विझते. पॉलिएस्टर वितळून थेंब थेंब गळतं. टीव्हीच्या मागे, वायरींच्या जवळ, तुम्ही कुठलं कापड ठेवाल?

काका: आणि कसर? लोकरीला कसर लागते. एका पावसाळ्यात चाळणी होईल.

पुतणी: कसर अंधारात आणि न हलवलेल्या कापडात होते. भिंतीला चिकटवायचंच नाही. दांडीवर टांगायचं, मागे दोन बोटं जागा सोडायची, वर्षातून दोनदा उन्हात टाकून झटकायचं. कोकणात किंवा मुंबईत मी हे सुचवलं नसतं. पुण्याची हवा त्या मानाने कोरडी आहे.

घोंगडीविषयी काका जेवढे दाखवतात तेवढे परके नाहीत. इचलकरंजीपासून जवळच पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याने माणसं, रस्ते, देऊळ सगळं पिवळं होतं आणि घोंगड्यांचा बाजार लागतो. काकांनी ती यात्रा लहानपणापासून पाहिली आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. अंगाला टोचते, म्हणून स्वेटरच्या कामाची नाही. पण तोच भरडपणा घोंगडीला पाणी-वारा अडवायची ताकद देतो. धनगरांच्या घरात लोकर कातली जाते, सनगर ती खड्ड्याच्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देऊन धागा ताठ करतात. काळा, करडा, तपकिरी हे मेंढीचेच रंग. रंगाईचा टप्पाच नाही, म्हणजे काळ्या ओढ्याचा प्रश्नही नाही. आणि या लोकरीला आज इतका कमी भाव आहे की ठिकठिकाणी कातरणीची मजुरीही निघत नाही आणि कातरलेली लोकर टाकून दिली जाते. मांसाला भाव मिळतो म्हणून मेंढपाळ कमी लोकरीच्या जातींकडे वळतायत. टाकून द्यायची वस्तू भिंतीवर, जमिनीवर, बैठकीखाली वापरात येत असेल, तर कापसाच्या पाण्याचा आणि फवारणीचा तो अख्खा वाद तिथे लागूच होत नाही. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या घरांसाठी हातविणीच्या कापडाची चर्चा सुती पडद्यापासून नव्हे, घोंगडीपासून सुरू व्हायला हवी.

काकांनी घोंगडीला होकार दिला तो मात्र वेगळ्याच कारणाने. भिंतीवर सोलापूरची हातमागावर विणलेली, पुढाऱ्याच्या चेहऱ्याची तसबीर लावायची त्यांची इच्छा होती, कुणीतरी भेट दिलेली. घोंगडीच्या बदल्यात पुतणीने ती अभ्यासिकेत लावायचं कबूल केलं.

पुतणी: रंगाचंही आता ठरवू या. मी काहीच रंगवणार नाही. सूत कोरं, लोकर मेंढीच्या रंगाची, आणि दिव्याच्या टोपीला भंडारा जिल्ह्यातलं टसर. ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचं ते रेशीम, मुळातच सोनेरी.

काका: टसर पडद्याला का नाही? शोभलं असतं.

पुतणी: ऊन. रेशीम उन्हात लवकर कुजतं. पश्चिमेच्या खिडकीत टसर लावलं तर काही वर्षांत बोट घातलं तरी फाटेल. दिव्याच्या टोपीला ऊन नाही, आणि आतून उजेड आला की त्या सोनेरी रंगाचं चीज होतं.

काका: मला वाटलं होतं, तू हळदीचे आणि डाळिंबाच्या सालीचे रंग आणशील.

पुतणी: हळद उन्हात उडते. नीळ आणि मंजिष्ठा टिकतात, पण त्यांना पाणी बरंच लागतं आणि प्रत्येक घाण्यात छटा वेगळी येते. एखाद्या पट्टीपुरती नीळ घेईन. मोठ्या कापडाला न रंगवणंच बरं.

काका: आता तू मला पटायला लागलीस, आणि म्हणून मी खरा प्रश्न विचारतो. हे विणणार कोण? हातमाग गणना २०१९-२० ची आहे. देशात ३५ लाखांच्या वर हातमाग कामगार. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत. तुझ्या घरातल्या भिंतीचा रंग काढायला आलेला माणूस आठवड्यात तेवढे घेतो. विणकराच्या पोराने मागावर का बसावं? माझ्या दिवाणखान्यात शांतता नांदावी म्हणून?

पुतणी: म्हणूनच जास्त लोकांनी घ्यायला हवं ना?

काका: लोकांनी नाही, डिझायनरांनी शहाणं व्हायला हवं. तुमच्या ऑर्डरी कशा येतात? बारा मीटर निळं, आठ मीटर पिवळं, सहा मीटर चौकडी. ताणा, म्हणजे उभे धागे, जोडायला, मागाच्या वहीतून-फणीतून एकेक धागा ओवायला जो वेळ जातो, तो बारा मीटरला आणि शंभर मीटरला जवळपास सारखाच. त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. मीटरचा दर ठरतो आणि विणकर मरतो. मी हातमागवाल्यांच्या बाजूने बोललो नाही असं नको व्हायला. हातमागासाठी १९८५ चा कायदा आहे. आधी २२ वस्तू राखून होत्या, आता ११ उरल्या. त्यात पलंगपोस आहे, पडद्या-सोफ्याचं कापड आहे, सतरंजी आहे, कांबळ आहे. व्याख्येत बसणाऱ्या या वस्तू यंत्रमागावर काढायला बंदी आहे. बाजारात जाऊन बघ, किती पाळतात.

पुतणी: मग हातमागाचं ओळखायचं कसं?

काका: लोक सांगतात, काठाजवळ बारीक भोकं बघा. पन्ना ताणून धरायची काठी लावतात ना, तिच्या टोकांची. पण ती भोकं यंत्रमागालाही पडतात. ठोक बघ. हाताच्या ठोकीत थोडा चढउतार असतो, आणि सकाळी जिथून काम पुन्हा सुरू झालं तिथे एक पुसट आडवी रेघ येते. २००६ पासून हातमागाची शिक्क्याची चिठ्ठीही आहे. पण सगळ्यात खात्रीचं म्हणजे माग जाऊन बघणं.

ओवणीचा हिशोब सांगता सांगता काकांनी पुतणीच्या हाती तिच्याच बाजूचं सगळ्यात धारदार हत्यार दिलं होतं. ती पेन घेऊन बसली.

पुतणी: बारा मीटर-आठ मीटर नको. अख्ख्या घराला एकच ताणा. कोरं सूत, पन्ना ४८. पडदे २२ मीटर. दोन पलंगपोस, प्रत्येकी दोन पट्ट्या जोडून, ११ मीटर. उशांचे अभ्रे आणि जेवणाच्या टेबलाच्या पट्ट्या, १२ धरा. ४५ झाले. ताणा तोच, फक्त आडवा बाणा बदलायचा. पडद्याला बारीक आणि मोकळा ठोकलेला, पलंगपोसाला जाड दुहेरी, टेबलाच्या पट्टीला मधे चार बोटं निळीचा. एकाच ताण्यावर तीन कापडं, आणि विणकराला ओवणी एकदाच.

काका: (चष्मा काढून) हे तुला कुठे शिकवलं?

पुतणी: तुम्ही आत्ताच शिकवलंत.

काका: ५० मीटरचा लाव. पाच मीटर जास्तीचं असू दे. मुलांनी पडद्यावर शाई सांडली तर त्याच ताण्यातला तुकडा पुन्हा जन्मात मिळायचा नाही. आणि दर मीटरवर ठरवू नकोस. ओवणीचे वेगळे, विणाईचे वेगळे, निम्मे आगाऊ.

पुतणी: दिवसाला चार-पाच मीटर धरले तर नुसती विणाई दहा-बारा दिवस. ताणा, सूत, भिजवणं, वाळवणं धरून दीड महिना.

काका: मग सुताराच्या आधी विणकर. पडद्याच्या दांड्या, पलंगाची रुंदी, सगळं ४८ च्या हिशोबाने सुताराला दे. पलंग साडेसहा फुटी कशाला? सहा फुटी कर, दोन पट्ट्यांत दोन्ही बाजूंना एकेक फूट लोंबेल.

पुतणी: आणि एसी?

काका: एसी राहू दे. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून काहीतरी कर. आत कितीही पडदे लाव, काचेतून आत शिरलेलं ऊन आतच राहतं. नागपूरला वाळ्याचे पडदे बाहेर टांगतात, त्यावर पाणी मारतात.

पुतणी: पुण्यात एप्रिल-मेमध्ये चालेल ते. पावसाळ्यात काढून ठेवायचं.

काका: सोसायटी परवानगी देते का ते आधी विचार. दर्शनी भाग बिघडतो म्हणून गेल्या वर्षी इथल्याच एकाची बांबूची चिक उतरवायला लावली होती.

ती परवानगी अजून आलेली नाही. विणकराकडे ताणा मात्र गेला आहे, ५० मीटरचा, निम्मे पैसे देऊन.